इतिहासाची पदवी आणि घरचा कागद



पवना नदीच्या एका तीरावर चिंचवडचें मोरया गोसाव्यांचें समाधिमंदिर आहे, आणि पलीकडच्या तीरावर आमचें थेरगांव. या गांवीं मुलांना चौथीचा इतिहास शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. शालान्त परीक्षा आणि शिक्षकाची पदविका एवढ्याच शिदोरीवर मीं ही चाकरी केली. सेवानिवृत्त झाल्यावर, साठी उलटून गेली असतां, मीं मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारीची परीक्षा दिली आणि बी. ए. ला इतिहास विषय घेऊन नांव घातलें. आज दुसऱ्या वर्षांत आहें. घरची मंडळी विचारतात, ‘आतां पदवी घेऊन कोणती नोकरी करावयाची आहे?’ प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर मला पुरतें साधेल असें नाहीं, तरी प्रयत्न करितों.

इतिहासाची स्वतंत्र पदवी ही गोष्ट वाटते तितकी प्राचीन नव्हे. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें, तेव्हां खुद्द ऑक्सफर्डलाहि इतिहास हा कायद्याच्या जोडीनेंच शिकवीत. तेथें तो स्वतंत्र झाला १८७२ सालीं. मुंबईचे पहिले पदवीधर १८६२ सालीं बाहेर पडले. त्यांत न्यायमूर्ति रानडे आणि डॉक्टर भांडारकर होते, आणि दोघांनींहि पुढें इतिहासावर लिहिलें. पुण्यास स्वतःचें विद्यापीठ मिळण्यास मात्र १९४९ साल उजाडावें लागलें.

परंतु मराठ्यांच्या इतिहासाचें खरें काम व्याख्यानाच्या दालनांत झालें नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. इतिहासाचार्य राजवाडे डेक्कन कॉलेजाचे पदवीधर. पण तेथील शिक्षणाविषयीं त्यांचें मत कांहीं अनुकूल नव्हतें. त्यांनीं गांवोगांवचीं दप्तरें धुंडाळून साधनांचे बावीस खंड काढले. त्यांतला पहिला १८९८ सालचा. सर जदुनाथ सरकार यांची एम्. ए. ची पदवी तर इंग्रजी वाङ्मयाची! चिंचवडहून लोणावळ्याकडे लोकलगाडीनें निघालें कीं वाटेंत कामशेत लागतें. बडोद्याची नोकरी संपल्यावर रियासतकार सरदेसाई तेथें येऊन राहिले, आणि पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड त्यांच्या संपादकत्वाखालीं निघाले. माझ्या पाठ्यपुस्तकांत या मंडळींची नांवें चार-चार गुणांच्या टीपांपुरतीं येतात. बाजारांत मिळणाऱ्या गाइडांतून त्या टीपा पाठ करून पास होतां येतें, हेंहि मी लपवीत नाहीं.

मग पदवीच्या अभ्यासानें मला दिलें काय? एकच प्रश्न दिला: ‘हें कशावरून?’ कागद कोणीं लिहिला, कोणासाठीं लिहिला, घटनेनंतर किती वर्षांनीं लिहिला, अस्सल आहे कीं नक्कल. जर्मनींत रांके यानें गेल्याच्या मागल्या शतकांत आपल्या विद्यार्थ्यांस भोंवतीं बसवून हाच प्रश्न विचारावयास शिकविलें. मीं तीस-बत्तीस वर्षें मुलांना प्रश्न विचारले, परंतु हा एक कधीं विचारला नाहीं.

आतां घरची गोष्ट सांगतों. आमच्या घरीं पितळी डब्यांत एक मोडी कागद आहे. आमचा पूर्वज पानिपतावर पडला आणि पेशव्यांनीं त्याच्या मुलास ही सनद दिली, असें आजोबा सांगत. दसऱ्याला त्या डब्याची पूजा होई. चौथीच्या प्रत्येक वर्गाला मीं ही हकीकत मोठ्या अभिमानानें सांगितली आहे. कागद कोणास वाचतां येत नव्हता, आणि न येण्यांत कोणाचें कांहीं अडतहि नव्हतें.

माझ्या अभ्यासक्रमांत मोडी नाहीं. ही त्याची मोठीच उणीव. म्हणून सुटीच्या दिवसांत पुण्यास जाऊन मीं मोडीचा वर्ग केला. अक्षर सुटूं लागल्यावर एका रात्रीं डबा उघडला. पहिल्या ओळींतच ‘शके १७४३’ दिसलें. म्हणजे इसवी सन १८२१! पानिपत १७६१ सालचें. पेशवाई बुडाली १८१८ सालीं. पुढें वाचीत गेलों तों तें निघालें गहाणखत. दीडशें रुपयांस शेत सावकाराकडे लावून दिलें होतें. खालीं पूर्वजाचें नांव आणि ‘निशाणी नांगर’. सही करतां येत नव्हती, म्हणून कुणब्याची खूण.

मीं दिवा मालवून तसाच बसलों. किती मुलांना मीं तें सांगितलें असेल! वडील बंधूंना सांगितलें, तेव्हां ते म्हणाले, ‘एवढें शिकून तूं घरचा पूर्वज घालविलास.’ त्यानंतर पांच-सहा महिने ते माझ्याशीं धड बोलले नाहींत.

पलीकडच्या तीरावर काय झालें पाहा. लॉरेन्स प्रेस्टन नांवाच्या संशोधकाचा चिंचवडच्या देवांच्या घराण्यावरील ग्रंथ १९८९ सालीं केंब्रिजच्या छापखान्यांतून निघाला. इनामें कशीं मिळालीं, राज्यें बदलतांना तीं कशीं टिकलीं, याचा त्यांत कागदांवरून घेतलेला शोध आहे. देवांचें दप्तर होतें म्हणून त्यांचा इतिहास झाला. आमच्याकडे कर्जाचा एकच कागद. पण तो अस्सल आहे, आणि पेशवाई गेल्यावर तीनच वर्षांनीं येथल्या कुणब्याची स्थिति काय होती, हें सांगणारा आहे. मला तो पानिपताच्या सनदेहून कमी मोलाचा वाटत नाहीं. बंधूंना हें पटविणें विद्यापीठाच्या परीक्षेहून कठीण गेलें.

मागच्या दिवाळींत त्यांनींच डबा पुढें केला आणि विचारलें, ‘शेत कोणतें तें लिहिलें आहे का?’ लिहिलें होतें. उत्तरेस नदी, पूर्वेस ओढा, दक्षिणेस वाट. ओढ्यावर आतां काँक्रीट आहे आणि वाटेवर इमारती. आम्ही दोघे वृद्ध काठ्या टेकीत दोन सकाळी नदीकांठानें हिंडलों. ओढ्याचें तोंड सांपडल्यासारखें वाटतें. बंधूंचें म्हणणें, तें आणखी खालच्या अंगास आहे.