वर्गात शिकवायला मनाई असलेला धडा

विज्ञानाचा तास रंगतो तो काहीतरी उघडून दाखवता आले की. जास्वंदीचे फूल उभे कापून आतला अंडाशय दाखवला, सायकलचा डायनामो उघडून आतले चुंबक आणि तारेचे वेटोळे दाखवले, की मागच्या बाकावरची मुलेही पुढे सरकतात. संगणकाच्या तासाला मात्र आपण कोणते बटण कधी दाबायचे एवढेच सांगतो. आतली गोष्ट दाखवता येण्यासारखी नाही म्हणून आपण असे करतो, की ती दाखवू नये असे कोणी ठरवले म्हणून?

याचे उत्तर इतिहासात सापडते. एका प्राध्यापकाने संगणकाची आज्ञावली वर्गात ओळीओळीने उलगडून शिकवली. मालक कंपनीने पुढे असे शिकवण्यास मनाई केली. त्या मनाईवर दुसऱ्या एका प्राध्यापकाने तोड काढली आणि त्या तोडीतून एका विद्यार्थ्याच्या हातून लिनक्स जन्माला आले. आज बहुतेकांच्या खिशात असणाऱ्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी हेच लिनक्स आहे.

उत्तर आणि रीत

आधी दोन गोष्टी स्पष्ट करून घेऊ. शाळेत प्रयोगशाळा एक आणि तुकड्या अनेक असतात. कोणत्या तुकडीने कधी जायचे, कपाटाची किल्ली कोणाकडे द्यायची, हे ठरवणारे एक शिक्षक असतात. संगणकात हे काम ऑपरेटिंग सिस्टिम करते. प्रक्रियक, स्मृती, चकती आणि पडदा ही साधने अनेक आज्ञावल्यांमध्ये वाटून देणारी ही व्यवस्थापक आज्ञावली होय.

दुसरी गोष्ट म्हणजे आज्ञावलीची दोन रूपे. माणूस ती सी सारख्या भाषेत लिहितो. ते रूप माणसाला वाचता येते आणि त्याला सोर्स कोड किंवा मूळ आज्ञावली म्हणतात. मग कंपायलर नावाची आज्ञावली तिचे शून्य आणि एकच्या लांबलचक माळेत रूपांतर करते. ही माळ यंत्राला कळते, माणसाला जवळजवळ कळत नाही. बाजारात विकत मिळते ती बहुधा ही माळच. गणिताच्या पुस्तकात शेवटी उत्तरे छापावीत आणि रीत मात्र प्रकाशकाच्या तिजोरीत ठेवावी, असा हा प्रकार आहे.

विकता न येणारी वस्तू

१९६९ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत, केन थॉम्सन आणि डेनिस रिची यांनी एका जुन्या छोट्या संगणकावर नवी ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला घेतली. त्याआधी बेल लॅब्ज इतर दोन संस्थांबरोबर मल्टिक्स नावाच्या एका अवाढव्य प्रणालीवर काम करत होती. काम लांबत गेले आणि बेल लॅब्जने अंग काढून घेतले. तिथला अनुभव घेऊन, पण आटोपशीरपणा राखून केलेल्या या नव्या प्रणालीला गमतीने युनिक्स हे नाव पडले. १९७३ मध्ये तिचा बहुतेक भाग सी भाषेत पुन्हा लिहिला गेला. त्यामुळे ती वाचायला सोपी झाली आणि पुढे वेगळ्या यंत्रांवर नेणेही शक्य झाले.

बेल लॅब्ज ही ए. टी. अँड टी. या दूरध्वनी कंपनीची प्रयोगशाळा. दूरध्वनीच्या धंद्यातील तिच्या मक्तेदारीमुळे अमेरिकी सरकारने तिच्यावर खटला भरला होता आणि १९५६ च्या तडजोडीनुसार तिला दूरसंचाराबाहेरच्या धंद्यात उतरता येत नव्हते. म्हणजे युनिक्स हाती होते, पण ते विक्रीला मांडता येत नव्हते. कंपनीने ते विद्यापीठांना नाममात्र शुल्कात, मूळ आज्ञावलीसकट द्यायला सुरुवात केली. अट एवढीच की मदत मिळणार नाही, दुरुस्ती मिळणार नाही, बिघडले तर तुमचे तुम्ही पाहा.

ही अट म्हणजे तोटा वाटेल, पण ती वरदान ठरली. दुरुस्त करायचे तर आधी वाचावे लागते. विद्यापीठांमधून प्राध्यापक आणि विद्यार्थी ती आज्ञावली वाचू लागले, चुका शोधू लागले आणि दुरुस्त्या एकमेकांना पाठवू लागले.

लायन्स सरांची टिपणे

ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स हे संगणकशास्त्र शिकवत. ऑपरेटिंग सिस्टिम या विषयाची त्या काळची पाठ्यपुस्तके तत्त्वे सांगत, पण विद्यार्थ्याला खरी, चालती प्रणाली पाहायला मिळत नसे. शरीरशास्त्र शिकावे आणि एकही शरीर आतून पाहू नये, तसे ते होते. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा गाभा सुमारे ९ हजार ओळींचा होता. एवढा मजकूर एका विद्यार्थ्याला पूर्ण वाचता येण्यासारखा आहे, हे लायन्स यांनी हेरले.

त्यांनी १९७६ मध्ये वर्गासाठी दोन भाग तयार केले आणि पुढच्या वर्षी ते पुस्तकरूपाने काढले. एका भागात ओळींना क्रमांक देऊन मूळ आज्ञावली, दुसऱ्या भागात तिच्यावरचे भाष्य. मूळ ग्रंथ आणि त्यावरची टीका शेजारी शेजारी ठेवून वाचण्याची पद्धत आपल्या परंपरेला नवी नाही. यंत्राच्या आज्ञावलीला ती लावण्याचे काम लायन्स यांनी केले.

या आज्ञावलीतील २२३८ व्या ओळीजवळची एक टीप पुढे फार गाजली. एक काम थांबवून दुसऱ्याकडे वळणे हा भाग जिथे येतो, तिथे लेखकांनी लिहून ठेवले होते की हे तुम्हाला समजावे अशी अपेक्षा नाही. अनेकांना तो उद्धटपणा वाटला. रिची यांनी नंतर खुलासा केला की हे आव्हान नव्हते. ‘हा भाग परीक्षेला नाही’ असे शिक्षक म्हणतो, त्या सुरात ते लिहिले होते. शिवाय त्या ठिकाणी नेमके काय घडते आहे ते आम्हालाही नीट कळलेले नव्हते, अशी प्रांजळ कबुलीही त्यांनी दिली. मूळ आज्ञावली उघडी होती म्हणूनच निर्मात्यांचे अज्ञानसुद्धा विद्यार्थ्यांच्या नजरेस पडले.

१९७९ मध्ये युनिक्सची सातवी आवृत्ती निघाली. आपल्याकडे एक मोलाची वस्तू आहे हे आता कंपनीच्या ध्यानात आले होते. व्यापारी गुपित म्हणून ती जपायची तर वर्गावर्गांतून तिचे वाचन होऊन कसे चालेल? नव्या परवान्यात मूळ आज्ञावली अभ्यासक्रमात शिकवण्यास मनाई आली. १९८४ च्या आरंभी कंपनीचे विभाजन अमलात आले, संगणकाच्या धंद्यातील जुने बंधन सुटले आणि युनिक्स हा सरळ विक्रीचा माल झाला.

लायन्स यांच्या पुस्तकाचे काय झाले? ते छायाप्रतींच्या रूपाने जगभर फिरत राहिले. प्रतीची प्रत काढता काढता अक्षरे पुसट होत, तरी विद्यार्थी ती जपून ठेवत.

तोड निघाली

बहुतेक विद्यापीठे मनाई मान्य करून पुन्हा नुसत्या तत्त्वांकडे वळली. ॲमस्टरडॅमच्या फ्रिये विद्यापीठातील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांना ते पटेना. दुसऱ्याची प्रणाली दाखवता येत नसेल तर आपण आपली लिहू, असे त्यांनी ठरवले. युनिक्ससारखी वागणारी, पण तिची एकही ओळ न उचललेली मिनिक्स ही प्रणाली १९८७ मध्ये त्यांच्या पाठ्यपुस्तकाबरोबर आली. ती साध्या पी. सी. वर चाले आणि तिची मूळ आज्ञावली पुस्तकातच छापलेली होती.

जगभरातून लोक टॅनेनबॉम यांना सुधारणा सुचवू लागले. बहुतेक सूचना त्यांनी नाकारल्या. एका सत्रात विद्यार्थ्याला पूर्ण समजेल एवढीच प्रणाली त्यांना हवी होती. शिक्षक म्हणून त्यांचे बरोबरच होते. पण शिकून पुढे गेलेल्या विद्यार्थ्याला ती अपुरी वाटणार, हेही तितकेच खरे होते.

दरम्यान अमेरिकेत एम. आय. टी. मध्ये रिचर्ड स्टॉलमन हे वेगळ्या वाटेने त्याच प्रश्नापाशी पोहोचले होते. प्रयोगशाळेतील जुन्या छपाईयंत्राच्या आज्ञावलीत त्यांनी सोय केली होती की कागद अडकला तर वापरणाऱ्याला निरोप जावा. नवे यंत्र आले ते मूळ आज्ञावलीशिवाय. दुसऱ्या विद्यापीठातील एका संशोधकाकडे ती होती, पण गुप्ततेच्या करारामुळे त्याने ती द्यायचे नाकारले. १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. ‘ग्नू म्हणजे युनिक्स नव्हे’ अशी त्या नावाची फोड. कंपायलर, संपादक अशी एकेक साधने तयार होत गेली. १९८९ मध्ये त्यांनी जी. पी. एल. हा परवाना सिद्ध केला. त्याचा सारांश असा: घ्या, वाचा, बदला, वाटा, मात्र पुढच्याला देताना हेच सगळे हक्क त्यालाही द्या. या प्रकल्पात एकच मोठी उणीव राहिली होती, ती म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा.

ए आणि बी

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने टॅनेनबॉम यांचे पुस्तक वाचले होते. १९९१ च्या जानेवारीत त्याने ३८६ जातीचा पी. सी. विकत घेतला आणि त्यावर मिनिक्स बसवले. मग त्याने एक छोटा प्रयोग केला. एक काम पडद्यावर फक्त ए हे अक्षर लिहीत राही, दुसरे फक्त बी. ठरावीक काळाने यंत्र एक थांबवून दुसरे चालू करी. पडद्यावर ए आणि बी यांच्या ओळी आलटून पालटून उमटू लागल्या. ऑपरेटिंग सिस्टिमचे हृदय धडधडू लागले ते असे.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने मिनिक्स वापरणाऱ्यांना कळवले की आपण छंद म्हणून एक प्रणाली करतो आहोत, ती काही ग्नूसारखी मोठी होणार नाही. सप्टेंबरमध्ये पहिली आवृत्ती निघाली, सुमारे १० हजार ओळींची. लायन्स यांच्या पुस्तकातील युनिक्सपेक्षा थोडीच मोठी! १९९२ च्या आरंभी त्याने जी. पी. एल. परवाना स्वीकारला. ग्नूची साधने आणि लिनक्सचा गाभा यांची गाठ पडली आणि एक पूर्ण प्रणाली उभी राहिली.

त्याच जानेवारीत टॅनेनबॉम यांनी लिनक्सची रचनाच कालबाह्य असल्याची जाहीर टीका केली. तू माझा विद्यार्थी असतास तर अशा रचनेला चांगले गुण मिळाले नसते, असेही सुनावले. टोरवाल्ड्स यानेही सडेतोड उत्तर दिले आणि नंतर सूर चढल्याबद्दल माफी मागितली. पुढे लिनक्स ही मिनिक्सची नक्कल असल्याचा आरोप झाला, तेव्हा तो खोडून काढणाऱ्यांत टॅनेनबॉम स्वतः होते. मतभेद राखूनही श्रेय ज्याचे त्याला देणे, ही शिक्षकाची आणि वैज्ञानिकाचीही कसोटी. ते तिला उतरले.

मार्च १९९४ मध्ये लिनक्सची १.० ही आवृत्ती आली तेव्हा ती पावणेदोन लाख ओळींच्या पुढे गेली होती. १९९८ मध्ये या पद्धतीला ‘ओपन सोर्स’ हे नाव मिळाले. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालत आला आहे.

उघडे असले म्हणजे झाले?

लिनक्सचे चाहते कधी कधी असे बोलतात की मूळ आज्ञावली उघडी असली की चुका राहतच नाहीत. हे खरे नाही. सुरक्षित संदेशवहनासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ओपन एस. एस. एल. या उघड्या आज्ञावलीत २०१२ मध्ये शिरलेली एक गंभीर चूक २०१४ पर्यंत कोणाच्या लक्षात आली नव्हती. ग्रंथालयात पुस्तक आहे म्हणून ते वाचले गेले असे होत नाही. याच्या उलट उदाहरणही आहे. मार्च २०२४ मध्ये एका अभियंत्याला संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले. त्याने माग काढला, तर एक्स. झेड. या छोट्या आज्ञावलीत मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा सापडला. तो दडवलेला होता तो सहज वाचता न येणाऱ्या फायलींमध्ये. चोराला नेमकी वाचनाचीच भीती होती.

माझ्या स्वतःच्या कामातली एक आठवण सांगतो. पीएच.डी.च्या दिवसांत एका उपकरणाच्या आलेखावर अपेक्षित असलेला एक छोटा उंचवटा काही केल्या दिसेना. कित्येक आठवडे मी नमुन्यालाच दोष देत होतो. शेवटी कच्ची मोजमापे काढून घेतली आणि स्वतः आज्ञावली लिहिली, तेव्हा उंचवटा दिसला. उपकरणाबरोबर आलेली आज्ञावली आलेख गुळगुळीत करताना तो पुसून टाकत होती. ती हे कशी करते असे विचारल्यावर निर्मात्यांकडून उत्तर आले, ते गुपित आहे. वैज्ञानिक निष्कर्ष दुसऱ्याला तपासता आला पाहिजे, हे आपण शाळेपासून शिकवतो. ज्या आज्ञावलीने तो काढला ती तपासता येत नसेल, तर त्या साखळीतील एक कडी केवळ विश्वासावर लटकते.

हे सारे वर्गात आणायला संगणकही लागत नाही. दोन मुलांना फळ्यापाशी उभे करा. एकाने फक्त ए लिहायचे, दुसऱ्याने फक्त बी. खडू मात्र एकच. तिसऱ्या मुलाने दर पाच सेकंदांनी टाळी वाजवायची. टाळी झाली की खडू दुसऱ्याच्या हाती द्यायचा. एखादे अक्षर अर्धवट राहिले तर पुन्हा पाळी आल्यावर ते कोठून पुढे न्यायचे, हे ज्याचे त्याने लक्षात ठेवायचे. ते नेमके कसे लक्षात ठेवावे यावर मुले वाद घालू लागली, की ती २२३८ व्या ओळीपाशी पोहोचली असे समजावे.

लायन्स यांचे पुस्तक १९९६ मध्ये, युनिक्सच्या तेव्हाच्या हक्कधारकांच्या संमतीने, उघडपणे प्रसिद्ध झाले. ते पाहायला लायन्स हयात होते. १९९८ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. जानेवारी २००२ मध्ये युनिक्सच्या त्या जुन्या आवृत्त्याही सर्वांसाठी खुल्या करण्यात आल्या. सिडनीच्या वर्गातला तो धडा आता कोणालाही, कोठेही शिकवता येतो. शिकवणारा तेवढा हवा.