आडनाव आले कोठून?

मंडळी, डिंभ्याच्या धरणावर उभे राहिले की घोड नदीचे अडवलेले पाणी डोंगरांत दूरवर पसरलेले दिसते. या जलाशयाचे नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. आता सांगा, यातले गेनू हे आडनाव का? नाही बरं का! गेनू म्हणजे ज्ञानू, वडिलांचे नाव. आडनाव सैद. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा गिरणीकामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विलायती कापडाच्या मोटारीपुढे आडवा झाला आणि प्राणाला मुकला. लोकांच्या तोंडी राहिले ते त्याचे आणि बापाचे नाव. सैद मागे पडले.

खेड्यात जुनी रीत हीच. अमक्याचा तमका म्हटले की ओळख पटे. आडनाव लागे ते कागदाला. दूर स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातही असेच होते. तिकडे 'मॅक' म्हणजे मुलगा. मॅकडोनाल्ड म्हणजे डोनाल्डचा मुलगा. बापाचे नाव पिढ्यान्‌पिढ्या चिकटून राहिले आणि त्याचेच आडनाव झाले. तिथले स्ट्युअर्ट मात्र हुद्द्यावरून आले. बाराव्या शतकात हे घराणे राजाच्या घरचे कारभारी होते. १३७१ मध्ये तेच गादीवर बसले, पण आडनाव कारभाऱ्याचेच राहिले!

आपल्याकडचे देशपांडे, कुलकर्णी, पाटील याच जातीचे. कुलकर्ण्यांची वतने १९५१ साली गेली, वंशपरंपरेची पाटीलकी १९६३ साली गेली. दप्तर गेले, आडनाव उरले.

गावावरून आडनाव पडते हे तर सर्वांना ठाऊक. पण उलटही घडते. महाळुंगे नावाची गावे अनेक, म्हणून एक झाले महाळुंगे पडवळ, तर चाकणजवळचे महाळुंगे इंगळे. आडनावाने गावाला ओळख दिली. आणि जुने आंबेगाव? ते डिंभ्याच्या पाण्याखाली गेले. कचेरी घोडेगावला, तरी तालुका आंबेगावच म्हणवतो. मात्र कोणी आंबेगावकर भेटला की तो इथलाच, असे घाईने ठरवू नका; आंबेगावे पुष्कळ आहेत.

गुरुजी, आता एक गोष्ट तुमच्यासाठी. या खोऱ्यात महादेव कोळी वस्ती मोठी. जमातीच्या दाखल्याची पडताळणी होते तेव्हा शाळेच्या जुन्या नोंदी मागतात, आणि १९५० पूर्वीच्या नोंदीला विशेष वजन असते. आजोबांच्या नोंदीत नुसते नाव आणि बापाचे नाव, नातवाच्या नोंदीत आडनाव, तेही एका अक्षराने निराळे. मग दोघे एकाच घरचे हे सिद्ध करायला त्या पोराने किती हेलपाटे घालायचे? म्हणून मुलाचे नाव दाखल करताना घरच्या वडीलधाऱ्याला विचारा, "बाबा, तुमच्या दाखल्यावर काय लिहिलंय?" दाखला असेल तर आणवून पाहा आणि मगच टाक कागदाला लावा.