सुईनंतर पाय लुळा पडला? आधी वेळ पाहा, मग बाजू

वरठी : रोवणी असो की कारखान्याची रात्रपाळी, ताप आला, अंग ठणकले की वरठी-मोहाडी भागात गोळीपेक्षा सुईवर भरवसा जास्त. बहुतेकांना काही होत नाही. पण एखाद्याचा पाय नंतर जोरच धरत नाही. मग कोणी म्हणतो वारा लागला, कोणी म्हणतो औषध गरम पडले.

सुई टोचतानाच किंवा काही मिनिटांत करंट लागल्यासारखी कळ पायात उतरली आणि त्याच पायाचा पंजा उचलेना, चप्पल निसटू लागली, तर नसेला इजा झाल्याचा संशय घ्यावा. पायाची मोठी सायटिक नस ढुंगणातून खाली जाते. म्हणून सुई वरच्या, बाहेरच्या भागातच द्यायची असते. लहान लेकरांना ती मांडीच्या बाहेरच्या बाजूला देतात. अंगावर मांस कमी असलेल्यांना धोका जास्त. दंडात चुकीच्या जागी सुई लागली तर मनगट लोंबते. अशा वेळी तेल चोळू नये, शेक तर नकोच. बधिर कातडीला चटका कळत नाही आणि फोड येतात. नस भरून यायला महिने लागतात, काहींची पूर्ण येतही नाही. म्हणून व्यायाम आणि पंजाला आधाराची पट्टी लवकर सुरू व्हावी.

दोन्ही पाय सारखेच ढिले पडले, मुंग्या येऊन कमजोरी वर चढू लागली, तर प्रकरण वेगळे. तो जीबीएस असू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात याचे रुग्ण वाढले, तेव्हा बोट दूषित पाण्याकडे गेले. हा आजार बरेचदा जुलाब किंवा तापानंतर काही दिवसांनी येतो. त्याच तापासाठी सुई घेतलेली असते, म्हणून दोष सुईवर जातो. लसीनंतर तो क्वचितच होतो. श्वासाचे स्नायू थकले तर व्हेंटिलेटर लागतो.

धानपट्ट्यात आणखी एक फसवणूक होते. रात्री जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावतो, खूण दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पोटदुखीची सुई दिली जाते, आणि तासाभरात पापण्या मिटू लागतात, बोलणे जड होते. घरचे सुईला शिव्या देतात, इकडे विष चढत असते. पापण्या पडल्या की थेट १०८ ला फोन करावा.

पूर्वी पोलिओची लागण झालेल्या लेकराला तापात सुई दिली की तोच पाय जाण्याची भीती असे. भारत २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्त जाहीर झाला. तरी १५ वर्षांखालील मुलाचा हातपाय अचानक लुळा पडला तर आरोग्य केंद्रात कळवावेच लागते. १४ दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने घेतले जातात, तेही फुकट.

दवाखान्यात जाताना औषधाची रिकामी बाटली किंवा चिठ्ठी, सुईची जागा आणि कमजोरी सुरू झाल्याची वेळ एवढे सोबत असावे. बिना चिठ्ठीची सुई देणाऱ्याकडे यातले काहीच मिळत नाही.