शिकारीआधीची पहाट

चौदाव्या शतकातल्या फ्रेंच सरदारांचा शिकारीचा दिवस रानातल्या न्याहारीने सुरू होई. चादरी अंथरलेल्या, खाणंपिणं मांडलेलं आणि त्यातच हरणाच्या लेंड्या. कुणालाही किळस येत नसे. मंडळी त्या निरखून पाहत, आकार आणि घट्टपणा तपासत. आज कोणत्या नराच्या मागे जायचं, हे तिथेच ठरे.

त्या लेंड्या आणणारा माणूस पहाटेपासून पायपीट करून आलेला असे. फॉइचा काउंट गास्तों फेबुस याने १ मे १३८७ रोजी शिकारीवरचा आपला ग्रंथ लिहायला घेतला आणि त्यात या माणसाच्या कामाला भरपूर जागा दिली. पुढे पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला तयार झालेली त्याची एक सचित्र प्रत पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. घोड्यावरचे उमराव त्यात आहेतच, पण दोरीला कुत्रा धरून झाडीत वाकून पाहणारा हा पायी फिरणारा माणूसही तितक्याच मायेने रंगवलेला आहे.

लाल हरणाचा नर रात्री मोकळ्या कुरणात चरतो आणि उजाडताना दाट झाडीत शिरून बसतो. तो कुठे शिरला, एवढंच शोधायचं. मात्र त्याला चाहूलही लागता कामा नये. म्हणून सोबतचा कुत्रा माग लागला तरी न भुंकणारा हवा. बाकी भिस्त डोळ्यांवर. रुंद टाच आणि झिजून बोथट झालेली खुरांची टोकं म्हणजे वयात आलेला नर. अरुंद, टोकदार खूर असला तर मादी. शिंगांवरची मखमली कातडी काढायला नराने कोणतं झाड घासलंय, किती जाड, किती उंचीपर्यंत? आडव्या फांद्या किती वर मुरगळल्यात? बसलेल्या जागी गवत किती दबलंय? लेंड्या ऋतूनुसार बदलतात. वसंतातल्या कोवळ्या चाऱ्याने मऊ, पसरट होतात, तर उन्हाळ्यात घट्ट, आकार धरलेल्या. त्या हा माणूस आपल्या शिंगात, म्हणजे वाजवायच्या तुतारीत भरी आणि वर गवताचा बोळा कोंबी. मग नर शिरला त्या जागी खुणेसाठी डहाळी मोडायची आणि सगळ्या झाडीला लांबून फेरी मारायची. बाहेर पडणारा माग कुठेच दिसला नाही, तर नर आतच आहे.

एवढं सगळं बहुधा जनावर नजरेस न पडता! शिंगांना निदान दहा टोकं असलेला नरच शिकारीच्या लायकीचा मानत. तो न पाहता ओळखायचा, म्हणजे या विद्येचा कस लागे. तिची उमेदवारीही लांबलचक होती. सात-आठ वर्षांचं पोर कुत्र्यांच्या चाकरीला लागे, एकेकाचं नाव पाठ करी आणि रात्री त्यांच्याजवळच झोपे.

इंग्लंडमध्ये यॉर्कचा ड्यूक एडवर्ड याने १४०६ ते १४१३ च्या दरम्यान गास्तोंचा ग्रंथ आपल्या भाषेत आणला आणि पदरची काही प्रकरणं जोडली. तिथे नराच्या शिकारीचा हंगाम साधारणपणे २४ जून ते १४ सप्टेंबर. उन्हाळाभर चरून अंगावर चरबी चढलेली असे आणि माजाचा काळ अजून पुढे असे.

रानाची हीच जाण गरिबाने स्वतःच्या चुलीसाठी वापरली की तो गुन्हा. राजाच्या राखीव जंगलात हरीण मारणाऱ्याचा जीव किंवा अवयव घेऊ नये, हे १२१७ च्या वनसनदेत लिहावं लागलं. दंड आणि कैद मात्र त्यानंतरही राहिली.

१५७५ मध्ये जॉर्ज गॅस्कॉइनचं शिकारीवरचं पुस्तक निघालं. त्यातल्या एका लाकडी ठशाच्या चित्रात शिकारी गुडघे टेकून एलिझाबेथ राणीपुढे लेंड्या धरतो. १६११ च्या आवृत्तीत राणीच्या जागी जेम्स राजा आला. शिकारी होता तसाच राहिला.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, एक्समूरच्या माळरानावर माग काढणाऱ्याचा हा पेशा आधुनिक काळापर्यंत टिकला. २००४ च्या कायद्याने कुत्र्यांच्या टोळीनिशी हरणाचा पाठलाग करण्यावर बंदी आली आणि फेब्रुवारी २००५ पासून ती लागू झाली. लेंड्यांची पारख मात्र बंद पडली नाही. भारतभरच्या व्याघ्रगणनेत मेळघाट-ताडोब्याचे वनरक्षकही ठरलेल्या वाटांवर सांबर-चितळांच्या लेंड्या मोजतात. त्यावरून वाघाला भक्ष्य किती आहे याचा अंदाज बांधला जातो.