वैमानिकाची तोंडी परीक्षा

परीक्षा म्हटली कीं शाळामास्तराचे कान टवकारतात. मग ती वैमानिकाची कां असेना! हौसेखातर विमान उडवूं इच्छिणाऱ्यालाहि परवान्यापूर्वीं तोंडी परीक्षेस बसावें लागतें. ही प्रथा कशी पडली, तें आज सांगावयाचें आहे.

इंग्लंडांत रॉयल एअरो क्लबचें पहिलें प्रमाणपत्र ८ मार्च १९१० रोजीं मूर-ब्रॅबझन यांस मिळालें. त्या काळची कसोटी बहुतांशीं हाताची होती. उमेदवारानें घिरट्या घालून नेमल्या जागेजवळ उतरावें आणि परीक्षकांनीं मैदानांतून पाहावें. पुढें १३ ऑक्टोबर १९१९ रोजीं पॅरिस येथें आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या परिशिष्टांतील अटी वाचण्याजोग्या आहेत. उमेदवारानें विमानांत एकट्यानेंच बसावयाचें. २,००० मीटर उंचीवर तासभर राहावयाचें. उतरतांना १,५०० मीटरांवर इंजिन बंद करून, तें पुन्हां न चालवितां, ठरल्या बिंदूपासून १५० मीटरांच्या आंत जमिनीला टेकावयाचें. शिवाय दोन खांबांभोंवतीं इंग्रजी आठाच्या आकृतीचीं पांच वळणें. (आपला मराठी आठ येथें उपयोगाचा नाहीं!)

या कसरतींच्या शेवटीं एक लहानसें कलम होतें: दिवे, खुणा, आकाशांतील रहदारीचे नियम व आंतरराष्ट्रीय हवाई कायदा यांचें ज्ञान हवें. आजच्या प्रदीर्घ तोंडी परीक्षेचें बीज मला या कलमांत दिसतें. उमेदवार आकाशांत एकटा, परीक्षक जमिनीवर. त्याच्या डोक्यांत काय आहे, तें विचारल्यावांचून कळणार कसें?

अमेरिकेंत १९२६ च्या कायद्यानें परवाने सरकारच्या हातीं आले. पहिला परवाना ऑर्व्हिल राइट यांना देऊं केला होता. परंतु आपण आतां उडत नाहीं, म्हणून त्यांनीं तो घेतला नाहीं. तेव्हां ६ एप्रिल १९२७ रोजीं तो खात्याचे प्रमुख मॅक्क्रॅकन यांस मिळाला. आपल्या मुंबईंत जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजीं परवाना मिळाला, हें पुष्कळांस ठाऊक असेलच.

अमेरिकेंत आज तोंडी भाग उतरल्यावांचून उड्डाणाचा भाग सुरूच होत नाहीं. उमेदवार एका प्रवासाचा आराखडा करून आणतो व परीक्षक त्यावरच प्रश्न गुंफतो. विमानाचीं कागदपत्रें कोठें आहेत? वजन किती झालें? हवामानाच्या अहवालांत काय लिहिलें आहे? मित्राकडून भाडें घेतां येईल काय? येथें भाडें नव्हे, खर्चाचा वांटा तेवढा घेतां येतो. आणि वैमानिकाला आपला वांटा द्यावाच लागतो.

पाठांतराचें पितळ येथें लौकर उघडें पडतें. दिवसा, हवा स्वच्छ असतां, मुक्कामीं पोहोंचून आणखी किती वेळ पुरेल इतकें इंधन हवें? "३० मिनिटांचें," उमेदवार झटकन् सांगतो. उत्तर बरोबर, परंतु चांगला परीक्षक तेथें थांबत नाहीं. मुक्कामाच्या धांवपट्टीवर दुसरें विमान मोडून पडलें आहे आणि जवळचा विमानतळ ४० मिनिटांच्या अंतरावर आहे. मग आपण निघतांना टाकींत किती भरलें असतें? किंवा असें पाहा, ढग खालीं येत आहेत, मित्राला सायंकाळीं लग्नाला पोहोंचावयाचें आहे आणि तो सामान घेऊन विमानाशीं उभा आहे. आपण त्याला काय सांगाल?