तळटीप १२ : कोमला अग्बेली ग्बेडेमा
१२. कोमला अग्बेली ग्बेडेमा (१९१३–१९९८) : घानाचे स्वातंत्र्यसेनानी व स्वतंत्र घानाचे पहिले अर्थमंत्री. शिक्षण अचिमोटा येथे. स्वातंत्र्यलढ्याचे नेते एन्क्रुमा तुरुंगात असताना त्यांच्या कन्व्हेन्शन पीपल्स पार्टीची सारी धुरा ग्बेडेमांनीच वाहिली. १९५१च्या निवडणुकीत पक्षाला मिळालेले घवघवीत यश आणि एन्क्रुमांचा तुरुंगातून झालेला विजय, हे मुख्यतः ग्बेडेमांच्या संघटनकौशल्याचे फळ. ऑक्टोबर १९५७मध्ये अमेरिकेतील डेलावेअर राज्यात एका उपाहारगृहाने ते कृष्णवर्णीय म्हणून त्यांना आत बसू दिले नाही. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना व्हाइट हाउसमध्ये न्याहारीला बोलावून दिलगिरी व्यक्त केली. मूळ मजकुरातील उल्लेख या प्रसंगाचा आहे. व्होल्टा नदीवरील धरणासाठी परदेशी भांडवल मिळवण्याच्या वाटाघाटींतही त्यांचा मोठा वाटा होता. पुढे एन्क्रुमांशी मतभेद विकोपाला गेले. १९६१मध्ये मंत्रिपद गेले आणि त्यांना परागंदा व्हावे लागले. १९६६च्या सत्तांतरात एन्क्रुमांची राजवट गेल्यावर परतून त्यांनी नॅशनल अलायन्स ऑफ लिबरल्स हा पक्ष काढला. मात्र १९६९च्या निवडणुकीत प्रतिस्पर्धी नेते बुसिया यांच्या पक्षाने त्यांच्या पक्षाचा पराभव केला. घानाच्या स्वातंत्र्याचे श्रेय एकट्या एन्क्रुमांना देणे हा ग्बेडेमांवर अन्याय आहे. — संपा.