घटसर्पानंतरचा पक्षाघात : एका विस्मरणाचा इतिहास

'घटसर्प' हा शब्द आज अंधेरी-बोरिवलीकडे किंवा मुलुंड-घाटकोपरकडे उच्चारला, तर ऐकणाऱ्याला बहुधा दोनच गोष्टी आठवतील. एक, बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावरचा त्रिगुणी लसीचा रकाना. आणि दुसरी, गावाकडची गुरे. पावसाळ्यापूर्वी गुरांना 'घटसर्प आणि फऱ्या' यांच्या लसी टोचतात, हे शेतकरी कुटुंबातून आलेल्या कुणालाही ठाऊक असते. वास्तविक गुरांचा घटसर्प आणि माणसांचा घटसर्प हे सर्वस्वी भिन्न रोग आहेत. त्यांचे जिवाणूही वेगळे. तथापि घसा सुजून श्वास कोंडणे हे दृश्य दोन्हीकडे सारखेच असल्याने मराठीने दोघांना एकच नाव दिले. पुढे माणसांतला रोग लसीमुळे दृष्टीआड झाला आणि शब्द मुख्यतः गोठ्यात उरला. शब्दाचे हे स्थलांतर म्हणजे एका विस्मरणाची खूण आहे. या विस्मरणात घटसर्पाचा जो उत्तरार्ध पूर्णपणे हरवला, त्याविषयी, म्हणजे घसा बरा झाल्यावर काही आठवड्यांनी येणाऱ्या मज्जातंतूंच्या पक्षाघाताविषयी, प्रस्तुत लेखात लिहायचे आहे.

रोगांची जुनी नावे तपासली तर ती बहुतेक सारी घशापाशीच थांबलेली दिसतात. आयुर्वेदातील 'रोहिणी' या कंठरोगाची घटसर्पाशी सांगड घालण्याची प्रथा आहे. सुश्रुताने तिचे पाच प्रकार सांगितले असून घशात वाढून मार्ग रोधणाऱ्या मांसांकुरांचे वर्णन केले आहे. चरकाने तर रोग्याला तीन रात्रींचीच मुदत दिली. प्राचीन वर्णनाला आधुनिक निदानाचे लेबल चिकटवणे नेहमीच धोक्याचे, हे मान्य करूनही या वर्णनांतली भीती ओळखीची वाटते. स्पेनमध्ये १६१३ हे वर्ष 'गारोतियोचे वर्ष' म्हणून इतिहासात नोंदले गेले. देहदंडासाठी गळा आवळण्याच्या साधनावरून रोगाला हे नाव पडले होते. १८२६ साली पिएर ब्रेतोनो या फ्रेंच वैद्याने घशातल्या चिवट करड्या पडद्यावरून, चामड्याच्या अर्थाचा ग्रीक शब्द घेऊन, रोगाला जे नाव दिले त्यातूनच 'डिप्थीरिया' आला. मांसांकुर, फास, चामडे आणि सर्प: चारही प्रतिमा गुदमरण्याच्या आहेत. जो तीन रात्रींत दगावतो, त्याला सहाव्या आठवड्यातला पक्षाघात दिसणारच नाही. पक्षाघात हा वाचलेल्यांचा इतिहास आहे, आणि जुनी नावे मरणाऱ्यांकडे पाहून ठेवलेली आहेत.

अर्थात, पाहणाऱ्यांनी तो पाहिलाच नव्हता असे नाही. ब्रेतोनोचा शिष्य आर्माँ त्रुसो याने पॅरिसमधल्या आपल्या व्याख्यानांत घटसर्पानंतरच्या पक्षाघाताचे सविस्तर विवेचन केले. १८६२ साली शार्को आणि व्युल्पियाँ यांनी अशा रोग्याच्या टाळूच्या मज्जातंतूंतील बिघाड सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. पण कोडे सुटत नव्हते. आजार घशात, मग पाय का लुळे पडतात? १८८४ साली फ्रीडरिश लोफ्लरने जिवाणू वेगळा करून वाढवला, तेव्हा कोडे अधिकच गडद झाले. जिवाणू घशातल्या पडद्यातच सापडत होते, हृदयात किंवा मज्जातंतूंत नव्हे. ते एखादे विष सोडत असावेत, असा तर्क त्याने केला. १८८८ साली एमिल रू आणि अलेक्सांद्र येर्सिन यांनी जिवाणू गाळून काढलेला द्रव प्राण्यांना टोचला. जिवाणू नसतानाही प्राणी आजारी पडले, आणि त्यांतल्या काहींना पक्षाघात झाला. रोगाच्या विषाचा पुरावा देणाऱ्या खुणांत हा उपेक्षित पक्षाघातही होता. आपल्या भाषेतला 'सर्प' इथे आठवल्यावाचून राहत नाही. शब्द घडवणाऱ्याच्या मनात बहुधा गळ्याला पडलेला विळखा असेल. विष अजून कुणाला दिसलेले नव्हते. तरी शब्द कल्पनेपेक्षा अधिक खरा ठरला.

विष सापडल्यावर उतारा शोधणे शक्य झाले. १८९० साली एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी प्रतिविषाचा शोध जाहीर केला. १९०१ चे वैद्यकाचे पहिले नोबेल बेरिंगला मिळाले. १८९४ साली रूने घोड्यांपासून काढलेली लस्सी पॅरिसच्या बालरुग्णालयात वापरली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण सुमारे निम्म्यावरून पावावर आले. या यशाला एक बारीक मर्यादा होती. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला निष्प्रभ करते. पेशीत शिरलेल्या विषाला ते परत बोलावू शकत नाही. म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांत टोचले तर पक्षाघात बहुधा टळतो. उशिरा टोचले तर प्राण वाचण्याची आशा उरते, पण विषाचा पुढचा हप्ता ठरलेला असतो.

हा हप्ता ज्या क्रमाने वसूल होतो, तो भाषेच्या अभ्यासकांनी मुद्दाम पाहण्याजोगा आहे. आजारानंतर दोन-तीन आठवड्यांत प्रथम मृदू तालू लुळा पडतो. मूल 'आ' करते तेव्हा पडजीभ वर उचलली जात नाही. पाणी प्यायला गेले तर ते नाकावाटे परत येते. आणि बोलणे नाकातून येऊ लागते. आपल्या वर्णमालेत प्रत्येक वर्गाचे पाचवे अक्षर अनुनासिक असते. 'ब' आणि 'म' यांत ओठांची क्रिया एकच. फरक एवढाच की 'ब' म्हणताना मृदू तालू नाकाची वाट बंद करतो आणि 'म' म्हणताना ती उघडी ठेवतो. हे दार बंद होईनासे झाले की तिसरे अक्षर पाचव्याकडे सरकू लागते. 'बाबा' म्हणणाऱ्या मुलाचा उच्चार 'मामा'सारखा ऐकू येतो. 'द' हा 'न'कडे झुकतो. प्राचीन शिक्षाकारांनी वर्णांची जी मांडणी केली, तिच्यातला एक रकाना या आजाराने जणू पुसून टाकलेला असतो.

त्यानंतर, साधारण तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात, डोळ्यांच्या भिंगाचे जवळच्या अंतराशी जुळवून घेणे थांबते. मुलाला फळ्यावरचे दिसते, पण हातातल्या पुस्तकातली अक्षरे विरघळतात. याचा अर्थ असा की, या पक्षाघाताच्या पहिल्या दोन्ही खुणा बोलण्यात आणि वाचण्यात प्रकटतात. त्या दवाखान्यापेक्षा वर्गात आधी दिसण्याचा संभव अधिक. मूल लाडाने नाकात बोलते, वाचायचा कंटाळा करते, अशी समजूत होणे किती स्वाभाविक आहे! हातापायांतली शक्ती जाते ती यानंतर, बहुधा सहाव्या आठवड्याच्या पुढे. क्वचित श्वासपटलही दुर्बळ होते आणि तेव्हा प्राणाशी गाठ पडते. हृदयाच्या स्नायूंवरचा आघात त्याआधीच घडून गेलेला असू शकतो. मात्र या काळात कृत्रिम श्वासाचा आधार मिळाला आणि हृदय सावरले, तर मज्जातंतू काही आठवड्यांत वा महिन्यांत बहुधा पूर्ववत होतात. ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी, कारण पक्षाघात म्हणजे कायमचे पंगुत्व हे समीकरण आपल्या मनात घट्ट बसलेले आहे.

या दिरंगाईचे कारण विसाव्या शतकात हळूहळू उलगडले. हे विष पेशीतली प्रथिने तयार करण्याची यंत्रणा बंद पाडते. मज्जातंतूभोवती विजेच्या तारेवरील आवरणासारखे एक स्निग्ध वेष्टन असते. ते राखणाऱ्या पेशींचे उत्पादन थांबले तरी जुने वेष्टन काही काळ टिकते. ते झिजले की मग संदेशवहन मंदावते. तंतू स्वतः बहुतांशी शाबूत असतो, म्हणूनच नवे वेष्टन आले की शक्तीही परतते.

आता मुंबईकडे येऊ. १८९६ च्या प्लेगात ज्याचे नाव सर्वतोमुखी झाले ते आर्थर रोडचे साथरोग रुग्णालय पुढे कस्तुरबा रुग्णालय या नावाने शहराचे साथरोगांचे मुख्य ठिकाण राहिले. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ पासून असलेल्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. दोन्ही संस्था गिरणगावाच्या परिसरात. महापालिकेची हद्द मात्र १९५० साली आणि पुन्हा १९५७ साली वाढून दहिसर-मुलुंडपर्यंत गेली, आणि शहर आपल्या साथरोग रुग्णालयापासून दूर दूर वाढत राहिले. बोरिवलीच्या मुलाला महालक्ष्मीपर्यंत आणि मुलुंडच्या मुलाला चिंचपोकळीपर्यंत आणायचे, म्हणजे लोकलचा जवळजवळ सारा मार्ग पार करायचा. ज्या रोगात पहिल्या दोन दिवसांची किंमत सर्वाधिक, त्यात अंतर हाही रोगाचाच एक भाग होतो.

पण इतिहासलेखनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. रुग्णालयाच्या नोंदवहीत येतो तो घसा. मूल बरे होऊन उपनगरातल्या चाळीत परतल्यावर, किंवा हवापालटासाठी कोकणात नेल्यावर, महिन्याभराने त्याचे पाय लटपटले, तर ती घटना त्या नोंदवहीत कशी येणार? कारण एका गावी, कार्य दुसऱ्या गावी, आणि मधे सहा आठवडे. घरातली माणसे मग त्याला दृष्ट म्हणतील, वारे गेले म्हणतील. आणि पोलिओ माहीत झाल्यावर पोलिओ म्हणतील. आपल्या नोंदींत हा पक्षाघात विरळ दिसतो, त्याचे एक कारण नोंदींच्या या रचनेतच असावे. आणखी एक आडवाट आहे. उष्ण प्रदेशांत हा जिवाणू त्वचेवरच्या चिघळलेल्या जखमांतही वाढतो. त्यामुळे पुष्कळांना नकळत प्रतिकारशक्ती मिळे. पण दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवरील सैनिकांना अशाच जखमांनंतर पक्षाघात झाल्याचे आढळले. तिथे तर घसा दुखल्याचीही आठवण नव्हती.

१९२३ साली गास्ताँ रामाँने विषाचे विषत्व काढून त्याची लस केली. भारतात १९७८ पासून ती व्यापक लसीकरण कार्यक्रमात आली आणि १९८५ पासून कार्यक्रम सार्वत्रिक झाला. रोग खूप घटला, संपला मात्र नाही. २०१८ साली देशात आठ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यांतले वयही सरकले आहे. पहिल्या वर्षातले डोस होतात. पाचव्या-सहाव्या वर्षाचा, दहाव्या आणि सोळाव्या वर्षाचा डोस राहून जातो, आणि रोग शाळकरी वयात भेटतो. १९९० च्या दशकात सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर तिथे दीड लाखांवर लोकांना घटसर्प झाला, आणि त्यांत प्रौढांचा भरणा मोठा होता. लसीने मिळालेली स्मृती शरीरातही कायमची नसते.

समाजाच्या स्मृतीचेही तसेच. पोलिओच्या शोधासाठी १९९७ पासून देशात अचानक लुळ्या पडलेल्या प्रत्येक मुलाची नोंद होऊ लागली. त्या जाळ्यात घटसर्पाने लुळी पडलेली मुलेही सापडली, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून कळले. एका रोगाच्या शोधात दुसऱ्या, विसरलेल्या रोगाची अशी भेट झाली. २०२५ च्या प्रारंभी पुण्यात गियाँ-बारे विकाराची साथ आली आणि मज्जातंतूंचे वेष्टन हा विषय घरोघरी पोहोचला. तो विकार बहुधा पायांकडून वर चढतो. घटसर्पाचा पक्षाघात टाळूपासून खाली उतरतो. हा फरक ओळखायला प्रथम कुणीतरी विचारावे लागते: महिन्या-दीड महिन्यापूर्वी याचा घसा दुखला होता का?

साहित्याच्या अभ्यासात कथानकाची व्याख्या करताना आपण म्हणतो की, घटनांचा नुसता क्रम म्हणजे कथानक नव्हे. त्यांना कार्यकारणाने जोडावे लागते. घटसर्पानंतरच्या पक्षाघाताचा इतिहास हा अशा न जोडलेल्या कथानकाचा इतिहास आहे. घसा दुखल्याची आठवण आईजवळ असते, जखमेची आठवण कुणाजवळच नसते, आणि पाय मात्र डॉक्टरांसमोर असतात. या दोन टोकांच्या मध्ये वर्ग आहे, जिथे एखादे मूल 'बाबा' म्हणू पाहते आणि 'मामा' ऐकू येते, फळा वाचते आणि पुस्तक बाजूला सारते. ते ऐकणारा बहुधा शिक्षकच असेल. त्याला घटसर्प हा शब्द गुरांपलीकडेही आठवला, तर त्या मुलाची गोष्ट वेळेवर जोडली जाईल.